वीतभर कमी

माझ्याकडे तक्ते आहेत.
मान कधी धरावी, कधी रांगावं,
नवव्या महिन्यात गोवराची सुई,
दंडाचा घेर मोजायला तीन रंगांची पट्टी.
तोंडवळीच्या अंगणवाडीत चौदा वर्षं
मी बाळांना ताणकाट्याच्या झोळीत घालते
आणि आयांना सांगते,
हा बघा ठिपका, हिरव्यात आहे.

माझ्या दुर्वाचा ठिपकाही हिरव्यातच होता
त्या जत्रेच्या रात्री, चार वर्षांची असताना,
झोपणार नाही म्हणून पखवाजाला लागून बसली
आणि राक्षस डरकाळ्या फोडत आला तरी
सगुण मेस्त्रींच्या डाव्या हातावरून
तिची नजर हलली नाही.
पहाटे येताना विचारलं, राक्षसाला घाबरलीस का गं?
म्हणाली, कुठला राक्षस?

त्याच आठवड्यात पुण्याहून नणंदेचा फोन.
त्यांच्या सोसायटीत तिसऱ्या वर्षापासून की-बोर्डचा वर्ग आहे,
मेंदूच्या खिडक्या म्हणे
सहाव्या वर्षी बंद व्हायला लागतात.
आमच्या घरची एकच खिडकी समुद्राकडे,
खाऱ्या वाऱ्याने बिजागऱ्या गंजलेल्या,
ती काही केल्या बंद होत नाही.
तरी मी रात्रभर जागी.

मेस्त्री खळ्यात बसून वादी ओढत होते.
मी वही घेऊन गेले होते.
कितव्या वर्षी सुरू करावं?
"वय कित्याक सांगतंस? हात दाखय तिचो."
फणसाचा पखवाज आडवा ठेवला तिच्या पुढ्यात.
उजवा हात शाईवर टेकला की
डावा लाकडावरच राहायचा.
"वीतभर कमी," ते म्हणाले,
भरतीला अजून किती वेळ आहे
ते सांगावं तसं.
"तवसर पीठ मळांदे."

रेशनच्या गव्हाचं मूठभर पीठ मी न्यायचे.
ती मळायची.
घट्ट झालं की मेस्त्री बोट दाबून परत द्यायचे,
सैल झालं की न दाबताच.
डाव्या तोंडावर थापायचं,
वाजवून झालं की खरवडून कोंबड्यांना.
नाटकं बंद असतात ते चार महिने हेच,
मग ते गावोगावच्या जत्रांना,
मग पुन्हा कोंबड्या, पीठ, बोट.
एकदा मी तिला चौकटीशी उभं करून
तिचे दोन्ही हात ओढून बघितले.
सांगायला लाज वाटते.
नणंदेच्या मुलीचं प्रमाणपत्र आलं फोनवर,
सोनेरी कडांचं. मी अंगठा पाठवला.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दुपारी
मेस्त्री वाजवता वाजवता थांबले.
डाव्या कानाने त्यांना हल्ली कमी येतं,
हे ते कुणाला सांगत नाहीत.
"कसो लागता गे?"
दुर्वा उंबऱ्यावर पाय हलवत पेरू खात होती.
"सुकत चाललीय कणीक."
उठली, बोट पाण्यात बुडवलं
आणि मधोमध नाही, एका कडेला फिरवलं.
त्यांनी थाप मारली.
ती खळ्यातून निघून
विहिरीत उतरल्यासारखी वाजली.
बराच वेळ कुणी बोललं नाही.

मग मीच.
म्हटलं, मग आता सुरू करूया ना?
"आता?" पानाचा देठ खुडत मेस्त्री म्हणाले,
"तीन वर्सां झाली."
हात अजून दोन बोटं कमीच होता.

ती विहिरीवर हात धुवायला गेली,
मेस्त्री चहाचं सांगायला आत.
मी इकडेतिकडे पाहिलं
आणि बसले मांडी घालून, गणवेशाच्या साडीत.
उजवा पुरला.
डावाही पुरला, वर थोडा उरला.
एकोणचाळीस वर्षांचा हात,
कुठल्याच रकान्यात न बसणारा.
कुणाला ऐकू जाऊ नये इतकी हळू
मी चार बोटं ओल्या कणकेवर टेकवली.

मेस्त्रींना नसावं गेलं ऐकू.
विहिरीवरून आवाज आला,
"आये, मनगट सैल सोड."